जिनिव्हाचं प्रकरण: सिस्टर हात का धूत नव्हत्या, आणि मग काय बदललं

डिसेंबर १९९४ मध्ये जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात एक मोजणी झाली. प्रशिक्षित निरीक्षक वॉर्डावॉर्डांत उभे राहिले आणि त्यांनी दोनच गोष्टी टिपल्या. हात स्वच्छ करायला हवेत असा प्रसंग आला का, आणि आला तर हात स्वच्छ केले का. असे २,८३४ प्रसंग जमले. त्यांपैकी ४८ टक्के वेळा नियम पाळला गेला होता. उरलेल्या वेळी हात होते तसेच रुग्णाला लागले.

हे स्वित्झर्लंडमधलं मोठं अध्यापन रुग्णालय. पाणी, साबण, बेसिन, शिकलेल्या परिचारिका, सगळं जागच्या जागी होतं. तरी आकडा ४८. आपल्याकडे हात धुण्याचा विषय निघाला की चर्चा सोयी नाहीत इथून सुरू होते आणि तिथेच संपते. म्हणून सोयी असलेल्या ठिकाणाचं हे प्रकरण आधी नीट पाहायला हवं.

संसर्ग नियंत्रण विभागाचे प्रमुख दिदिए पिते यांना नेहमीच्या वाटेनं जाता आलं असतं. परिपत्रक काढायचं, मेट्रनना बोलावून समज द्यायची, प्रशिक्षण ठेवायचं, हजेरीपटावर सह्या घ्यायच्या. ही वाट आपल्याकडच्या प्रत्येक सिस्टरला पाठ आहे. पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी तो आकडा फोडून पाहिला. नियम कोणाकडून चुकतो, कुठल्या वॉर्डात चुकतो, कुठल्या वारी आणि किती गर्दीत चुकतो.

मोजणीनं काय सांगितलं

पहिली गोष्ट: परिचारिका या यादीत सगळ्यांत वर होत्या. त्यांचं प्रमाण ५२ टक्के. डॉक्टरांचं ३०. वॉर्डात जंतू पसरले की बोट आधी सिस्टरकडे जातं, कारण रुग्णाजवळ सगळ्यांत जास्त वेळ तीच दिसते. जिनिव्हात तरी आकडा उलटं सांगत होता.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शनिवार-रविवारी हात जास्त वेळा स्वच्छ केले जात होते. माणसं तीच, नियम तोच, भिंतीवरच्या सूचना त्याच. मग सुट्टीच्या दिवशी वॉर्डात वेगळं काय असतं? ठरलेल्या शस्त्रक्रिया नसतात, तपासण्यांची धावपळ कमी असते, राऊंड छोटे असतात. याच्याशी जुळणारा दुसरा निष्कर्षही त्याच अभ्यासात होता. तासाला हात धुण्याचे प्रसंग जितके जास्त, तितका नियम चुकण्याचा संभव जास्त. ज्या कामांत जंतू लागण्याचा धोका मोठा, त्याच कामांच्या वेळी चुकाही जास्त. आणि औषधवैद्यक विभागाशी तुलना केली तर अतिदक्षता विभागात (आयसीयूत), जिथे रुग्णाची प्रतिकारशक्ती तळाला गेलेली असते, तिथे चूक होण्याचा संभव जवळपास दुप्पट.

आयसीयूतल्या परिचारिका वॉर्डातल्यांपेक्षा कमी शिकलेल्या नसतात, उलट जास्तच. त्यांना जंतूंची नावं, नळ्यांतून होणारे संसर्ग, त्यातून होणारे मृत्यू सगळं ठाऊक असतं. म्हणजे चूक अज्ञानातून होत असेल तर आयसीयूत ती कमी दिसायला हवी होती. दिसली जास्त. इथे प्रशिक्षण हा उपाय निम्मा बाद होतो.

एका खाटेचा हिशेब

आयसीयूतली एक खाट डोळ्यांसमोर आणा. रुग्ण व्हेंटिलेटरवर, मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी म्हणजे सेंट्रल लाइन, खाटेखाली लघवी साठवणारी युरोबॅग. सिस्टर येते. रुग्णाला हात लावण्याआधी एकदा हात स्वच्छ करायचे. त्याला कुशीवर वळवलं, चादर सरळ केली. आता सक्शन करायचं, म्हणजे श्वासनळीतला कफ ओढून काढायचा, त्याआधी पुन्हा. सक्शन झालं, ग्लोव्हज काढले, पुन्हा. युरोबॅग भरली आहे, ती रिकामी करून लघवीची नोंद केली, पुन्हा. ट्रॉलीवरून इंजेक्शन भरून आणलं, सेंट्रल लाइनच्या पोर्टला (औषध सोडायच्या तोंडाला) ते जोडण्याआधी पुन्हा. त्या रुग्णापासून बाजूला होताना पुन्हा. एवढ्यात शेजारच्या खाटेचा पंप वाजतो, ती जाऊन बटण दाबते; रुग्णाला हात लागला नाही तरी त्याच्या भोवतालच्या वस्तूला लागला, म्हणून पुन्हा. सात वेळा. घड्याळात दहा-बारा मिनिटं गेलेली असतात, आणि यातलं एकही काम टाळण्याजोगं नव्हतं.

हातांच्या स्वच्छतेविषयीच्या अमेरिकेच्या २००२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याचे आकडे दिलेले आहेत. बालरुग्ण विभागातल्या परिचारिकेला रुग्णसेवेच्या दर तासाला सरासरी ८ वेळा हात स्वच्छ करण्याची वेळ येते, आयसीयूतल्या परिचारिकेला सरासरी २० वेळा. आता बेसिनचा हिशेब करा. बेसिनपर्यंत जायचं, नळ सोडायचा, साबण लावायचा, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा नीट चोळायचा, धुवायचं, पुसायचं, परत यायचं. हे सगळं प्रामाणिकपणे केलं तर मिनिटभर सहज जातं. वीस वेळा म्हणजे तासातली वीस मिनिटं. तासाचा तिसरा हिस्सा बेसिनपाशी!

आंद्रेआस फॉस आणि आंद्रेआस विडमर यांनी १९९७ मध्ये हाच हिशेब एका आख्ख्या आयसीयूसाठी मांडला. बारा कर्मचाऱ्यांच्या विभागात प्रत्येकाने प्रत्येक वेळी साबण-पाण्याने हात धुतले, तर दिवसपाळीत मिळून १६ तास त्यातच जातील. खाटेजवळच्या बाटलीतलं, पाण्याशिवाय हातांवर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण वापरलं तर ३ तास. सोळा तास म्हणजे पाळीतल्या दोन परिचारिका दिवसभर फक्त हात धूत उभ्या. एवढी माणसं वाढवून द्यायला कुठलंही रुग्णालय तयार नव्हतं, आणि नियम मात्र शंभर टक्के पाळा म्हणून लिहिलेला होता. जो नियम पाळायला पाळीतला वेळच पुरत नाही, तो मोडणाऱ्या सिस्टरला निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ती एका खाटेवरचं काम अर्धवट टाकून बेसिनकडे जात नाही, कारण तिच्या डोळ्यांसमोर माणूस धापा टाकत असतो. जंतू दिसत नाहीत, अडलेला श्वास दिसतो.

त्वचेचंही आहे. दिवसाला कित्येक वेळा साबण लावून हात कोरडे पडतात, बोटांच्या सांध्यांवर भेगा पडतात. भेगा पडलेल्या हाताला स्पिरिट, म्हणजे हे अल्कोहोलचं द्रावण, लावलं की झोंबतं. मग सिस्टर स्पिरिटला दोष देते आणि पुन्हा साबणाकडे वळते किंवा दोन्ही टाळते. खरं तर त्वचा आधी साबणाने उललेली असते. ग्लिसरिनसारखा मऊपणा देणारा घटक घातलेलं द्रावण साबणापेक्षा हाताला सोसतं. पण हे तिला कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं, आणि हाताला लावायचं क्रीम ड्युटी रूममध्ये ठेवावं लागतं.

जिनिव्हात काय केलं

जानेवारी १९९५ पासून मोहीम सुरू झाली. तिचा कणा म्हणजे बाटली. या रुग्णालयातले औषधनिर्माते विल्यम ग्रिफिथ्स यांनी हातांसाठी अल्कोहोलचं द्रावण आधीच बनवलेलं होतं. ते होतं, पण रुग्णालयभर सर्रास वापरात नव्हतं. मोहिमेत ते रुग्णाजवळ आणलं गेलं. खाटांना बाटलीसाठी खास कडी बसवली. प्रत्येकाने एक छोटी बाटली खिशात ठेवावी असं सांगितलं.

आणि इथे मला फार आवडणारी एक गोष्ट घडली. सुरुवातीची बाटली गोल होती. गोल बाटली गणवेशाच्या खिशात फुगते, वाकलं की टोचते. १९९६ मध्ये ती बदलून चपटी बाटली आणली गेली. संसर्ग नियंत्रणाच्या इतिहासात या चपट्या बाटलीला मानाचं पान मिळायला हवं. ज्याने कुणी ते सुचवलं, त्याने सिस्टरच्या खिशाचा विचार केला होता.

सोबत भिंतींवर मोठी चित्रं लागली. ती वरून आलेली आदेशाची पोस्टरं नव्हती. वेगवेगळ्या विभागांतल्या कर्मचाऱ्यांचे गट विषय ठरवत, व्यंगचित्रकार चित्रं काढत असे, आणि चित्रं बदलत राहत. वर्षातून दोनदा निरीक्षण होई आणि त्याचे निकाल विभागांना परत कळवले जात. व्यवस्थापनातल्या वरिष्ठांनी मोहिमेला उघड पाठिंबा दिला, पैसे दिले. शिक्षा मात्र कुणालाही झाली नाही.

तीन वर्षांत निरीक्षणाच्या सात फेऱ्या झाल्या, वीस हजारांहून जास्त प्रसंग नोंदले गेले. निकाल २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. नियम पाळण्याचं प्रमाण ४८ वरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेलं. रुग्णालयात राहून संसर्ग झालेल्या रुग्णांचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूचा फैलाव दर दहा हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस) २.१६ वरून ०.९३ इतका उतरला. साबण-पाण्याने हात धुणं मात्र जवळजवळ होतं तेवढंच राहिलं. जी वाढ झाली ती सगळी बाटलीची. बेसिनकडे जाणाऱ्या सिस्टर पूर्वीइतक्याच राहिल्या. बाटली खाटेपाशी आली आणि तिचा वापर वाढला.

आकड्यांवर किती विसंबायचं

या अभ्यासाला तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच काळात रुग्णालयाने प्रतिरोधी जंतू असलेले रुग्ण लवकर शोधून वेगळे ठेवायलाही सुरुवात केली होती. तेव्हा संसर्गातली सगळी घट हातांच्या खात्यावर मांडता येत नाही, आणि मी मांडणारही नाही.

निरीक्षक समोर उभा असताना माणूस हात धुतोच, ही शंका कुणीही घेईल. बरोबर आहे. आपल्याकडेही तपासणी पथक येणार म्हटलं की सकाळी सगळ्या बाटल्या भरलेल्या असतात. पण जिनिव्हात दुसराही पुरावा होता. अल्कोहोलच्या द्रावणाचा खप. दर हजार रुग्णदिवसांमागे तो ३.५ लिटरवरून १५.४ लिटरवर गेला. निरीक्षक घरी गेल्यावर, रात्रपाळीत, सणासुदीलाही बाटल्या रिकाम्या होत होत्या. भांडाराच्या वहीतल्या आकड्याला कुणी पाहतंय म्हणून चांगलं वागता येत नाही. म्हणूनच मला वाटतं की छोट्या रुग्णालयाने निरीक्षणाचे तक्ते भरण्याआधी द्रावणाचा मासिक खप मांडायला शिकावं. त्याला वेगळा माणूस लागत नाही.

उरलेले चौतीस टक्के

आता अवघड भाग. वेळेची अडचण बरीचशी सुटली, बाटली खिशात आली, तरीही ६६ म्हणजे शंभर नव्हे. उरलेलं कुठे अडतं?

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल व्हिटबी, मेरी-लुईस मॅक्लॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिचारिकांशी बोलून याचा शोध घेतला. त्यांचं म्हणणं असं की हात धुण्याची सवय दोन प्रकारची असते. एक आतून येणारी: हात घाण झाले, चिकट झाले, किळस आली की आपण धुतोच. ही सवय बालपणात, पहिल्या दहाएक वर्षांतच पक्की होते. दुसरी ठरवून करायची: हात घाण वाटत नसले तरी नियम म्हणून धुवायचे. नाडी पाहिली, ब्लडप्रेशर घेतलं, खाटेचा कठडा धरला, यांनी किळस येत नाही. तिथे हात धुणं निसटतं.

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे पटेल. बाहेरून आल्यावर हातपाय धुऊन मगच आत यायचं, अंत्यविधीहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नाही, ही शिस्त आपल्या हाडीमाशी आहे. पण ही सगळी शिस्त बाहेरचं काही घरात येऊ नये यासाठी आहे. आपण दुसऱ्याकडे काही नेऊ नये यासाठीची सवय आपल्याला लहानपणी तितकी लागलेली नसते. वॉर्डात याचा अर्थ असा होतो की मलमूत्र साफ केल्यानंतर, जखम धुतल्यानंतर सिस्टर हात धुते, अगदी कोपरापर्यंत. रुग्णाला शिवण्याआधी, सलाईनच्या पोर्टला हात लावण्याआधी धुणं मात्र राहून जातं. आणि रुग्णाचा जीव तर त्या ‘आधी’वर अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या हात स्वच्छ करण्याच्या पाच प्रसंगांतले पहिले दोन ‘आधी’चे आहेत, रुग्णाला स्पर्श करण्याआधी आणि निर्जंतुक काम करण्याआधी. प्रशिक्षणाचा वेळ मोजका असेल तर तो सगळा या दोघांवर घालवावा. ‘नंतर’चं शिकवायला आई पुरेशी होती.

ॲडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये हीच नस पकडली. एका अमेरिकी रुग्णालयात साबणाच्या जागी दोन प्रकारचे फलक लावले. एकावर हात धुतल्याने तुमचा आजारापासून बचाव होतो असा मजकूर, दुसऱ्यावर रुग्णांचा बचाव होतो असा. साबण जास्त खपला तो रुग्णाचं नाव असलेल्या फलकापाशी. आपल्याला काही होणार नाही असं रोज जंतूंत वावरणाऱ्या माणसाला वाटू लागतं. रुग्णाबद्दल तसं वाटत नाही.

ग्लोव्हज ही आणखी एक खोच आहे. ग्लोव्हज घातले की हात स्वच्छ असल्याची भावना होते, आणि तेच ग्लोव्हज घालून तीन खाटा, फाईल, फोन आणि दाराची कडी असा प्रवास होतो. ते सिस्टरचं रक्षण करतात. दुसऱ्या खाटेवरच्या रुग्णाचं करत नाहीत.

आणि डॉक्टर. जिनिव्हात परिचारिका आणि त्यांच्या मदतनिसांचं प्रमाण वाढलं, डॉक्टरांचं तिथेच रखडलं. हा त्या प्रकरणातला सगळ्यांत खुपणारा निष्कर्ष आहे. २००३ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे रुग्णालय नव्या इमारतीत गेलं, बेसिन वाढली, तरी हात धुण्याचं प्रमाण उलट घटलं. त्याच अभ्यासात दिसलं की खोलीत हात न धुणारी वरिष्ठ व्यक्ती असेल तर बाकीचेही धूत नाहीत. राऊंडला निघालेले सर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तसेच गेले, तर मागे फाईल धरून चाललेल्या स्टुडंट नर्सने त्या दिवशी काय शिकायचं ते शिकलेलं असतं.

आपल्या वॉर्डात हे कसं दिसतं

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, आयसीयूत एकामागे एक. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा, हे प्रमाण कागदाबाहेर किती उतरतं. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या पडतात. दोन गाद्यांच्या मध्ये बाटली अडकवायला कडी कुठे लावणार? तिथे खिशातली बाटलीच चालते. शिवाय रुग्णाचं अर्धं करणं नातेवाईक करतात. भरवणं, पुसणं, बेडपॅन देणं. मावशी आणि वॉर्डबॉय खाटाखाटांवरून फिरतात. जिनिव्हाच्या मोजणीत नातेवाईक नव्हते. आपल्या मोजणीत ते नसतील तर ती मोजणी अपुरी.

द्रावण मिळत नाही, ही सबब मात्र आता फारशी उरलेली नाही. जिनिव्हाच्या मंडळींनी त्यावर पेटंट घेतलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने स्थानिक पातळीवर बनवता येईल अशी कृती जाहीर केली: ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल, ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी निर्जंतुक पाणी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी सॅनिटायझर बनवायला घेतलं. मळीपासूनचं अल्कोहोल आपल्याकडे तयार होतंच. हात स्पष्ट घाण झाले असतील किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूंचा जुलाब असेल, तर साबण-पाणीच हवं, कारण त्यांच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. म्हणजे नळाला पाणी हवंच.

प्रश्न येतो तो बाटली कुठे आहे याचा. मी पाहिलेल्या कित्येक वॉर्डांत ती इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात कुलपात असते. इन्चार्जला दोष देऊन भागत नाही. बाटली नाहीशी झाली तर भांडाराला उत्तर तिलाच द्यायचं असतं. बाटली संपली ही चांगली बातमी आहे असं भांडारपाल, मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षक या तिघांनी लेखी मान्य केल्याशिवाय ती कपाटाबाहेर येणार नाही. सरकारी रुग्णालयांची स्वच्छता तपासून गुण देणाऱ्या, २०१५ पासून चालू असलेल्या कायाकल्प योजनेत हातांच्या स्वच्छतेला गुण आहेत. त्या तपासणीच्या आदल्या दिवशी बाटल्या भरण्यापेक्षा दर महिन्याचा खप वॉर्डवार लावून दाखवला, तर गुण देणाऱ्यालाही खरं काय ते कळेल.

ज्या रुग्णालयाला हे प्रकरण आपल्याकडे करून पाहायचं असेल, त्याने एकाच आयसीयूपासून सुरुवात करावी. आधी दोन पाळ्यांत खाटेजवळ उभं राहून ‘आधी’चे आणि ‘नंतर’चे प्रसंग वेगळे मोजावेत. मोजणारी व्यक्ती त्याच विभागातली नसावी आणि कुणाचंही नाव लिहू नये, फक्त हुद्दा लिहावा. मग प्रत्येक खाटेला कडी, प्रत्येक खिशात चपटी बाटली आणि ती भरण्याची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावं. निकाल सांगताना परिचारिका, मावशी-वॉर्डबॉय आणि डॉक्टर असे तीन आकडे वेगळे वाचावेत, आणि डॉक्टरांचा आकडा विभागप्रमुखांनी स्वतः, राऊंड सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर वाचावा.